पांढरे कुणाचे, पिवळे कुणाचे

आमच्या घरात दोघांची निगा माणसांपेक्षा जास्त राखली जायची. एक सासूबाईंची म्हैस आणि दुसरा सासूबाईंचा तन्मणी. म्हशीला निदान हात लावलेला चालायचा.

तन्मणी म्हणजे मोत्यांच्या पाच सरी आणि मधोमध लाल खड्याचं पदक. तो सासूबाईंच्या आईचा. त्या दहा वर्षांच्या असताना आई गेली आणि आईची म्हणून एवढी एकच वस्तू त्यांच्याकडे राहिली. ती पितळेच्या डब्यात, डबा लोखंडी ट्रंकेत आणि ट्रंक पलंगाखाली. पलंगावर त्या स्वतः. ट्रंकेपर्यंत पोचायचं तर आधी सासूबाईंना उठवावं लागे, आणि ते काम आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नव्हतं.

डब्यात मोती नुसते ठेवायचे नसत. घनसाळ तांदळाचा थर, त्यावर जुन्या मलमलीत गुंडाळलेला तन्मणी, वरून पुन्हा तांदूळ. तांदळात मोती श्वास घेतो असं सासूबाईंचं ठाम मत होतं. दर अमावास्येला तांदूळ बदलायचा. तुरटी, लिंबू, अत्तर, पावडर यांना त्या खोलीत बंदी. आणि चिंच? दिवाळीला आम्ही देवाची भांडी चिंचेनं घासायला घेतली की त्या ट्रंक ओढत माळ्याखालच्या खोलीत न्यायच्या. चिंचेच्या नुसत्या वासानं मोत्याचं पाणी उतरतं म्हणे. मी थोडं वाढवून सांगते असा माझ्यावर घरातून कायम आरोप असतो, पण एकदा शेजारणीनं आमटीत चिंच जास्त घातली म्हणून सासूबाईंनी आमची खिडकी लावून घेतली होती. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

एवढं करून तो तन्मणी घालायचं कोण? तर गौर. वर्षातून अडीच दिवस गौरीच्या गळ्यात, तेही आतल्या खोलीत, लाल-हिरव्या बल्बांच्या माळेखाली. गौर गेली की तन्मणी तांदळात. घरातल्या बायकांनी लांबून बघायचा. लग्न होऊन आले त्या वर्षी मला तो दारातून दाखवला. दुसऱ्या वर्षी उंबऱ्याच्या आतून. पाचव्या वर्षी मी हातभर अंतरापर्यंत आले होते. या वेगानं साठाव्या वर्षी हातात मिळाला असता.

"कसं मोती हाईत म्हणून सांगू," सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "दुधागत."

गौरीच्या आधी त्याला एकदा आंघोळ. कोमट पाण्यात रिठा घुसळून, त्या फेसात मलमल बुडवून एकेक मोती पुसायचा, सावलीत वाळवायचा. मग तन्मणी जायचा कोल्हापूरच्या सराफ गल्लीत, गुजरीत, पटवेकऱ्याकडे, नव्या रेशमात गाठवून घ्यायला. ओलं झालेलं जुनं रेशीम आतून कुजतं आणि ऐन वेळी दगा देतं, म्हणून दरवर्षी नवा दोरा. हे काम त्या स्वतः करायच्या आणि तिथं ठिय्या मारून बसायच्या. मोती टाकून जायचे नाहीत, नजर हलवायची नाही. पापणी मिटायचीच झाली तर एका वेळी एक.

मी सांगतेय ते साल नव्वदीच्या शेवटाकडचं. त्या वर्षी सासूबाईंचा गुडघा भोपळ्याएवढा सुजला. डॉक्टरांनी पायरी उतरायची नाही म्हणून सांगितलं. दोन दिवस त्या डॉक्टरांवर रागावल्या, तिसऱ्या दिवशी गुडघ्यावर, आणि चौथ्या दिवशी मला हाक मारली.

"हिकडं ये. बस. तन्मणी तू घिऊन जायचा."

मी बसले ती उठलेच नाही थोडा वेळ. पाचव्या वर्षी हातभर अंतर आणि सातव्या वर्षी एकदम आख्खा तन्मणी!

"हे बघ," त्या म्हणाल्या, "त्यो दोरा वढंल, तू मोती बघायचा. त्यो बोलंल, तू मोती बघायचा. त्यो जाग्यावर मेला तरी तू मोती बघायचा."

"व्हय, आत्याबाई."

"आणि चा दिला तर?"

"प्यायचा न्हाई."

"प्यायचा. न्हाई म्हटलं की त्येला राग येतोय, मग गाठी ढिल्या मारतोय. प्यायचा, पर मोत्याकडं बघत प्यायचा." मग जरा थांबून खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या आईचं तेवढंच हाय गं."

या शेवटच्या वाक्यानं मी गुजरीपर्यंत ती मलमल दोन्ही हातांनी पोटाशी धरून गेले.

पटवेकऱ्याचं दुकान असं, की आत मांजर शिरलं तर मागं वळायला बाहेर यावं लागेल. वर एक मिणमिणता पिवळा बल्ब, त्यात सगळे मोती एकाच रंगाचे दिसत. तो गादीवर पाय लांब करून बसलेला आणि दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणलेला. सगळे पटवेकरी असंच करतात. माझ्या आधी कागलची एक बाई येऊन बसली होती. पन्नाशीची, अंगानं दणकट, आवाजानं त्याहून दणकट. तिचाही तन्मणीच. पदक हिरव्या खड्याचं, बाकी तशाच पाच सरी. गौरी तोंडावर आलेल्या, बाहेर गिऱ्हाईक ताटकळतंय. दोऱ्याचं टोक डिंकात बुडवून कडक करावं लागतं, तरच ते मोत्याच्या बारीक भोकातून जातं, आणि डिंक वाळायला वेळ लागतो. तेवढा वेळ तरी कशाला घालवायचा म्हणून पटवेकऱ्यानं कागलचा तन्मणी डाव्या अंगठ्याला ठेवला आणि आमचा उजव्या अंगठ्याला घेतला. एकाचा डिंक वाळेपर्यंत दुसरा ओवायचा. दोन पाय, दोन तन्मणी, मधे त्याचं डोकं.

मी मोत्यांकडं बघत होते. देवाशपथ बघत होते. मग चहा आला.

कोल्हापुरात दोन बायका शेजारी बसल्या आणि चहा संपायच्या आत नातं निघालं नाही, असं माझ्या बघण्यात नाही. ते काढल्याशिवाय चहा गोडच लागत नाही.

"पावणं कुठलं?" कागलवालीनं विचारलं.

"हितलंच," मी मोत्यांकडं बघत म्हटलं.

"माहेर?"

"गारगोटी."

"गारगोटीला माझं कोण न्हाई," ती खट्टू झाली. "आनि कुठं हाईत लोक तुमचं?"

"मावशी हाय शिरोळला."

"शिरोळ? शिरोळात कुठं?"

"नदीच्या अंगाला. दोन ट्रॅक्टर हाईत बघा दारात, त्यातला एकच चालतोय..."

तिनं कप खाली ठेवला. "म्हातारा बहिरा हाय?"

"ठार बहिरा!"

"आनि पुरात म्हस जिन्यानं माडीवर चढवलती, ती पूर गेला तरी खाली उतरंना?"

"तेच घर!"

"आगं, तिथं माझी थोरली भण दिलीया! तुझी मावशी म्हंजे तिची धाकली जाऊ!"

आणि आम्ही दोघी किंचाळलो. शिरोळच्या बहिऱ्या म्हाताऱ्याला ऐकू गेलं असेल, असं. ती माझ्या गळ्यात पडली, मी तिच्या पडले. इकडे बिचाऱ्या पटवेकऱ्याला वाटलं, साप निघाला. त्यानं दोन्ही पाय एकदम पोटाशी ओढले.

दोन्ही सरी तटातट तुटल्या आणि ओवायच्या बाकीच्या मोत्यांच्या वाट्याही लवंडल्या.

मोती असे उडाले की काय सांगू! गादीवर, पायरीवर, त्याच्या बंडीच्या खिशात, माझ्या केसांत, एक तर कागलवालीच्या चहात. दारात गटार. मी पायरीवर आडवी पडले आणि गटाराची वाट अंगानं अडवली. कागलवालीनं पदराचा बांध घातला. रस्त्यावरून जाणारा एकजण "काय झालं, काय झालं" करत जवळ आला, त्याला आम्ही तिघांनी एकदम ओरडून सांगितलं, "पाय हलवू नगा!" तो माणूस अर्धा तास एका पायावर उभा होता. बरं, पाच मिनिटं धरा.

वेचून झाले. तिघांनी एकेकदा मोजले. तीन आकडे आले. पटवेकऱ्याचा आकडा दोन्ही तन्मण्यांच्या बेरजेबरोबर जुळत होता, म्हणून तो खरा धरला. पण मग कळलं, मोजून काय उपयोग? सगळे एकाच ताटात आहेत. आमचे कुठले आणि कागलचे कुठले?

ताट दाराच्या उजेडात आणलं. नीट बघितलं तर मोती दोन जातीचे दिसत होते. काही पांढरे, आत दिवा लावल्यासारखे. काही पिवळट, जुन्या लग्नपत्रिकेसारखे.

"चला, सुटलं," पटवेकरी म्हणाला. "पांढरं कुणाचं?"

"आमचं!" आम्ही दोघी एकदम.

पाच मिनिटांपूर्वी गळ्यात पडलेल्या आम्ही एकमेकींकडं असं बघायला लागलो की त्यानं मधे ताट धरलं.

"माझं पांढरं," ती म्हणाली. "मी गळ्यातनं काढतच न्हाई. मोती अंगावर ऱ्हायला की उजाळतोय. अंगाचं तेल लागाय लागतंय त्येला."

"आमचं पांढरं," मी म्हटलं. "घनसाळ तांदळात असत्यात. वर्साला अडीच दिस भाईर."

"मग तीच पिवळी पडली आसणार. कोंडून घाटलं तर मानूस बी पिवळं पडतंय."

"आनि तुमचा घाम? घामानं मोत्याचं पाणी जातंय, अक्का."

"मला घाम येत न्हाई," ती पदरानं मानेवरचा घाम पुसत म्हणाली.

मी पटवेकऱ्याला विचारलं, "तुमी सांगा, कुणाचं खरं?"

"दोघींचं," तो म्हणाला. "डब्यात ठिवला की पिवळा पडतोय. घामात ठिवला तरी पिवळा पडतोय."

"मग पांढरा कवा ऱ्हातोय?"

"शिंपल्यात."

"आवं, तुमी वर्साला आमचा तन्मणी गाठवता. तुमाला मोती वळखू येत न्हाई?"

"मी दोरा बघतो, बाई. मोती गिऱ्हाइकानं बघायचा आसतोय."

हे तर त्यानं नेमकं माझ्या वर्मावर ठेवलं. मग एकेक मोती दातावर घासून बघितला. खरा मोती दाताला बारीक रेतीसारखा लागतो. सगळे रेतीसारखे लागले, म्हणजे सगळे खरे. याचा आनंद व्हावा की नाही, तेच कळेना. भोकं बघितली, सारखी. वास घेऊन बघितला. चहाचा येत होता.

शेवटी पटवेकऱ्यानंच निकाल दिला. पांढरे दोघींना सारखे वाटले, पिवळे सारखे वाटले आणि ज्याची त्याची संख्या भरून काढली. गाठवताना पांढरे पुढं घेतले, पिवळे मागं, मानेवर केसांखाली येतील असे. "ही आमची जुनी रीत हाय," तो म्हणाला. "म्होरनं बघणारं लोक लई, मागनं बघणारं कमी."

कागलवाली जाताना म्हणाली, "गौरीला ये गं कागलला." नातं निघालेलं होतं, मोडता थोडंच येणार? मी "व्हय" म्हटलं आणि मनात म्हटलं, जिवंत राहिले तर.

घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं, बोलायचं नाही. गौरीच्या गळ्यात, हिरव्या-लाल उजेडात, कोण बघतंय? आणि सासूबाई पलंगावर. पण त्या पलंगावर नव्हत्या. गुडघा उशीवर ठेवून खिडकीत बसल्या होत्या, भर उन्हाच्या तिरिपेत. मलमल सोडली, तन्मणी मांडीवर घेतला. मी बोलायला लागले. माझी रीतच आहे ती, भीती वाटली की मी बोलते. गर्दी किती, रेशीम कसं उंची, पटवेकऱ्याचा चहा कसा पाणचट.  पुढच्या सरीवरून त्यांची बोटं हळूहळू मागं गेली.

"म्होरं पांढरं, मागं पिवळं," त्या म्हणाल्या.

"तांदळाचा गुण, आत्याबाई! कसं उजळल्यात बघा की."

"आपलं मोती पिवळं हाईत."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "तुमी तर म्हणत हुता, दुधागत..."

"गाईचं दूध पिवळंच आसतंय."

 आमच्या घरात तीन पिढ्या म्हैसच होती.

मग त्यांनी सांगितलं. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं असेल. मोती पिवळे पडायला लागून पंधरा-वीस वर्षं झाली होती. आधी एक, मग दोन. तांदूळ वाढवला तर जास्त पडले. मलमल बदलली, तरी पडले. दर अमावास्येला डबा उघडायच्या ते तांदूळ बदलायला थोडंच? मोती बघायला. आणि दर अमावास्येला थोडे आणखी पिवळे. कुणाला विचारायचं तर आधी दाखवायला हवे. म्हणून मग आतली खोली, म्हणून लाल-हिरवे बल्ब. "आईनं काय म्हटलं आसतं," त्या म्हणाल्या. "एवडं राखलं, आनि राखून राखूनच नासलं."

आता पांढरे कुठून आले ते सांगणं आलं, म्हणून मी खोटं बोलले. गुजरीत एक बैल उधळला, त्यानं आमची गादी तुडवली, दुसरा बैल मागून...

"बैल किती हुते?" सासूबाईंनी विचारलं.

"एकबी न्हवता."

"मग आता सांग."

मी सगळं सांगितलं. किंचाळण्यासकट. शिरोळच्या म्हशीसकट. त्या रागावतील म्हणून मी तयार होऊन बसले होते, पण त्यांनी नुसतं विचारलं, "मागचं पिवळं किती आल्यात?" मी आकडा सांगितला. "म्हंजे आईचं निम्मं कागलला गेलं." तन्मणी पदरात घेतला. "उद्या सकाळच्या एस.टी.नं कागलला जायाचं. हे पांढरं तिला द्यायाचं, तिच्याकडचं पिवळं आणायाचं."

"गुडघा?"

"गुडघा यील की संगट."

पण सकाळी आम्ही निघायच्या आत दारात कागलवाली उभी. हातात रुमालाची पुरचुंडी. आमची पेठ आणि म्हैस एवढं काल चहावर कळलेलं, त्यावरून घर विचारत विचारत आलेली. धाप लागलेली, आणि कपाळावरून घामाची धार, जो तिला येत नव्हता.

सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि उभ्यानंच म्हणाली, "आत्ती, काल मी खोटं बोललो. पिवळी माझी हाईत. तेवडी मला द्या आनि ही पांढरी ठिवून घ्या."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं.

"तेवीस वर्सं मी गळ्यातनं काढला न्हाई," ती सांगत होती. "धारंला, चुलीपुढं, उसाच्या खुरपणी-भांगलणीत. घामानं पार पिवळा पडला. मालकांनी पयल्या उसाच्या बिलात केलता. परवा म्हटलं त्येंनी, जरा जपायचंस की. मग काल दुकानात, चारचौघांत, पिवळी माझी म्हणून कशी सांगू? रातभर नवं मोती गळ्याला टोचलं बघा."

"पिवळी आमची हाईत," सासूबाई म्हणाल्या.

"आसं कसं? माझी हाईत."

"मग पांढरी कुणाची?" मी विचारलं.

 काल दुकानात दोघी पांढऱ्यांवर भांडलो, आज घरात दोघी पिवळ्यांवर. आणि पांढरे? ते कुणालाच नकोत. जणू ते पटवेकऱ्याच्या गादीतून उगवले. मी पुढं कितीतरी वर्षं यावर विचार केलाय. कधी वाटतं, दोन्ही तन्मण्यांत आधीपासून दोन्ही जातींचे मोती असणार, आणि दोघींना आपापले बिघडलेलेच तेवढे दिसत असणार. कधी वाटतं, पटवेकऱ्याला विचारावं. पण तो दोरा बघतो.

तरी आम्ही बसलो. खिडकीत चादर पसरली, दोन्ही तन्मणी ठेवले. माझ्या म्हणण्यावरून दोरे तोडले मात्र नाहीत, नुसता एकेक मोती चिमटीत धरून बघायचा. सासूबाई मोती गालाला लावायच्या. "हे आईचं." कागलवाली तोच हातात घ्यायची, हनुवटीखाली लावायची. "आवं, हे माझं. ह्येला हितं बारका खड्डा हाय." "त्यो खड्डा माझ्या आईच्या वक्ताचा हाय." असा एक मोती झाला, दुसरा झाला, पाचवा झाला. सहावा मोती सासूबाईंनी गालाला लावला आणि तसाच धरून ठेवला. मग सातवा धरला. परत सहावा. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांना ओळखू येत नव्हता. सात वर्षांत मी त्या बाईला काही एक माहीत नाही असं कधी बघितलं नव्हतं. म्हैस कधी विणार, पाऊस कधी थांबणार, माझ्या माहेरून चिवडा आला तर त्यात खोबरं किती, सगळं माहीत. आणि आता हात हवेत, तोंड लहान मुलीसारखं.

कागलवालीनंही बघितलं. तिनं हातातला तन्मणी खाली ठेवला.

"आत्ती, ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "हुडकून गावायचं न्हाई आता."

"माझ्या आईचं तुझ्याकडं ऱ्हायलं की गं."

"आनि माझं तुमच्याकडं. मी जपीन. आता आपण सोयरं हाय की न्हाई?"

ती जेवून गेली. भाकरी, झुणका आणि ताक. ताक वाढताना सासूबाई सवयीनं म्हणाल्या, "आंबट हाय, मोत्यावर सांडू नको." आणि मग दोघी हसायला लागल्या. मला कळेना, हसावं की नाही. मी वाढत राहिले.

गौर आली. सासूबाईंनी तिला नवं लुगडं नेसवलं, बांगड्या भरल्या, नथ घातली, पण गळा मोकळाच. मी पितळेचा डबा आणून ठेवला, त्यांनी उघडला नाही. शेजारच्या बायका विचारून गेल्या, "तन्मणी कुठाय औंदा?" त्यांना "हाय, हाय" म्हणून वाटेला लावलं. आरती झाल्यावर त्यांनी मला आत बोलावलं, पाठमोरी बसवलं. मला वाटलं, अंबाड्यात फूल खोवतायत. गार काहीतरी गळ्याला लागलं.

"आत्याबाई!"

"हलू नको, गाठ मारू दे. ह्येच्यात माझ्या आईचं किती आनि त्या बाईचं किती, मला कळंना झालंय. आसा मिसळलेला गौरीला घालाय मन हुईना. डब्यात ठिवायबी हुईना. तू घाल."

"किती दिस?"

"काढूच नको."

"भाकरी करताना?"

"व्हय."

"घाम आला तर?"

"यिऊ दे."

"धारंला?"

"आगं, घाल म्हटलं की घालायचं! का चिंच लावून देऊ?"

हे बक्षीस होतं की शिक्षा, ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांनी एवढ्या वर्षांची जपणूक माझ्या गळ्यात बांधली, की जपणुकीवरचा विश्वासच उडाला म्हणून कुठंतरी टाकायचं ते माझ्या गळ्यात टाकलं? विचारायची माझी टाप नव्हती. मी घातला. भाकरी करताना घातला, धारेला घातला. संध्याकाळी ओल्या मऊ फडक्यानं पुसायची, रिठ्याची आंघोळ वर्षाची वर्षाला, दोरा दर गौरीला नवा. पावडर-अत्तर लावून झाल्यावरच तो गळ्यात, आधी नाही, एवढं मी माझ्या मनानं पाळलं. सासूबाईंनी एकदाही विचारलं नाही, पुसलास का, तांदूळ बदललास का. ट्रंकेत त्यांनी पापड ठेवले.

नवं शतक लागलं, म्हैस विकली, त्यांचे दोन्ही गुडघे गेले. मी ताट वाढायला वाकले की तन्मणी त्यांच्या डोळ्यांसमोर लोंबायचा. त्या कधी कधी हात वर करायच्या, एखादा मोती चिमटीत धरायच्या, माझी मान तशीच खाली ओढून गालाला लावायच्या.

"हे माझ्या आईचं."

"व्हय, आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी दुसराच मोती. पांढरा, पिवळा, पुढचा, मागचा, काही नेम नाही. "हे माझ्या आईचं." मी वाकलेलीच. "व्हय, आत्याबाई." माझा हिशोब बरोबर असेल, आणि तो कधी बरोबर नसतो, तर त्या जाईपर्यंत आख्खा तन्मणी त्यांच्या आईचा झाला होता, आणि वर कागलच्या अक्कांच्या गळ्यातलाही निम्मा.